एक कार्ड, एक माणूस

त्याचा खोका भिजत होता म्हणून मी त्याच्यासाठी दार उघडं धरलं. गुन्हा म्हणाल तर एवढाच.

पावसाचा पाचवा की सहावा दिवस होता. सकाळच्या पाळीची वेळ, कारखान्याच्या मागच्या अंगाला असलेलं कर्मचाऱ्यांचं दार आणि दारासमोर छत्र्यांचा नुसता गोंधळ. मी कार्ड टेकवलं, दार सुटलं, आणि सहज मागे पाहिलं तर हा उभा. दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत येणारा पुठ्ठ्याचा खोका, चष्म्यावर पावसाचे थेंब, खोक्याचा खालचा कोपरा ओला होऊन सुटायला आलेला. त्यानं काही मागितलं नाही. नुसता हसला... ओशाळल्यासारखा. मी पायानं दार अडवलं आणि म्हटलं, "आधी आत या, फुटेल तो."

"आभारी आहे," तो म्हणाला आणि आत गेला. मीही माझ्या वाटेनं गेले. गेले आणि — खोटं कशाला बोलू — वळणावर एकदा मागे वळून पाहिलं. खोका भिंतीशी ठेवून तो चष्मा पुसत होता. बरा दिसत होता.

आता हे सांगायला हवं की त्या दारावर ठळक अक्षरांत एक पाटी आहे. ‘एक कार्ड, एक माणूस. ओळख असो वा नसो, दुसऱ्यासाठी दार उघडं ठेवू नका.’ ती पाटी मी लिहिली, मीच चिकटवली, आणि दर महिन्याला नव्या कामगारांना समोर बसवून त्याच पाटीवर तासभर डोकं खाते.

मी क्लोरीन शेडची इनचार्ज. पाणी शुद्ध करायला जो वायू लागतो तो आमच्याकडे माणूस आडवा झोपेल एवढ्या लोखंडी सिलिंडरांत भरून ठेवलेला असतो. जिथं असायला हवा तिथं तो गुणी, आणि सुटला तर श्वास घेऊ देत नाही. कुंपणापलीकडे वसाहत आहे, शाळा आहे, तिसऱ्या गल्लीत माझं घर आहे. नऊ वर्षं पाळ्या केल्यानंतर मला हे शेड मिळालं, तेही आठच महिन्यांपूर्वी. बाईमाणसाच्या हाती ते पहिल्यांदाच आलं होतं. कामगार मला ‘क्लोरीनबाई’ म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. मला ते आवडतं.

दहा वाजता मोठ्या साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये आमचे पाच-सहा विभागप्रमुख चेहरे पाडून बसलेले, टेबलावर तो खोका, आणि खोक्याशेजारी तो.

खोक्यात रद्दी होती. कोपरा त्यानं मुद्दाम नळाखाली धरला होता, कारण कोरड्या खोक्याची कुणाला फारशी दया येत नाही, हे त्यानं आम्हाला शांतपणे समजावून सांगितलं. रासायनिक कारखान्यांत बाहेरचा माणूस कुठून आणि कसा शिरू शकतो ते शोधून काढणं हे त्याचं काम. मुख्यालयानं त्याला तीन आठवड्यांसाठी पाठवलं होतं. मोठे साहेब सोडले तर कुणालाच कल्पना नव्हती. कार्डाशिवाय तो अकरा मिनिटं आवारात फिरला आणि माझ्या शेडच्या बाहेरच्या दाराला एक पिवळी चिठ्ठी चिकटवून परत आला.

माझे कान असे तापले की हेल्मेट काढावंसं वाटलं. ते तर काखेत होतं.

"कुणी सोडलं तुम्हाला आत?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"नाव मी देत नाही," तो म्हणाला. "इथंच नाही, कुठंच देत नाही. तो माझा नियम आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होता. दाराजवळचा कॅमेरा पावसानं आंधळा झालेला, त्यात दिसत होत्या त्या फक्त छत्र्या. त्या दहा मिनिटांत दारावर एकतीस कार्डं टेकली होती, त्यातलं एक माझं. मला वाटलं, या माणसानं मला वाचवलं. त्या क्षणी मी उठून ‘मीच’ म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. आठ महिन्यांपूर्वी मिळालेलं शेड डोळ्यांसमोर आलं.

नियमाप्रमाणे क्लोरीनच्या भागात पाहुण्याबरोबर इनचार्जनं चालायचं असतं. म्हणजे पुढचे तीन आठवडे तो माझ्या गळ्यात पडला.

पहिल्या दिवशी मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तो आपला पेन्सिल कानावर खोचून कुंपणाकडेनं चालायचा, थांबायचा, वहीत हातानं नकाशा काढायचा. दुपारपर्यंत कामगारांनी त्याचं बारसं उरकलं होतं. ‘चोरसाहेब’. त्याला कळलं तेव्हा तो खूश झाला. म्हणाला, मागच्या ठिकाणी ‘शनी’ म्हणायचे, त्या मानानं बढतीच आहे.

"तुम्हाला इथं चोरून शिरायचं असतं तर कुठून शिरला असता?" त्यानं मला विचारलं.

"दारातून," मी म्हटलं. "खोका घेऊन."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "राग आहे ना माझ्यावर?"

"आहे. तुम्ही माझ्या... माणसांच्या चांगुलपणाचा फायदा घेता."

"चोरही तोच घेईल," तो म्हणाला. "फक्त नंतर येऊन सांगणार नाही."

उत्तर खरं होतं, त्यामुळे राग आणखी वाढला.

पण राग ठेवायला फुरसत लागते, आणि तो माणूस ती देत नव्हता. त्याची नजरच वेगळी. कंट्रोल रूममध्ये कीबोर्ड उचलून त्यानं खाली चिकटवलेला पासवर्ड वाचून दाखवला. पूर्वेकडच्या कॅमेऱ्यासमोर वेल इतकी वाढली होती की तो कॅमेरा वर्षभर पानांवर पहारा ठेवत होता. टँकरची कागदपत्रं पान न उलटता सही होऊन बाहेर पडतात, हेही त्यानंच दाखवलं. आधी मला त्याचा वैताग यायचा. मग चुरस वाटायला लागली. चौथ्या दिवशी रंगाऱ्यांनी कुंपणाला आतून टेकवून ठेवलेली शिडी त्याच्याआधी मला दिसली. मी काही न बोलता नुसतं बोट दाखवलं. त्यानं कानावरची पेन्सिल काढून मला देऊन टाकली.

घरी मी फार काही बोलत नव्हते, तरी धाकट्या बहिणीला वास लागला. आमची आई घरीच शिवणकाम करते. मशीन चालू असलं की तिला ऐकू येत नाही असा आमचा समज आहे, तो साफ चुकीचा आहे. धाकटी रोज जेवताना विचारायची, "आज चोर काय म्हणाला?" आणि मशीनची घरघर नेमकी तेव्हाच थांबायची.

दुसऱ्या आठवड्यात पाऊस थोडा उघडला. शेडच्या मागं ओली माती, लोखंडाचा वास, आणि आम्ही दोघं. खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी कापडी नळी फडफडत होती. चालता चालता मी तिच्याकडे पाहिलं आणि सवयीनं त्याच्या डावीकडून उजवीकडे आले.

तो थांबला. "एक विचारू? गेले आठ दिवस बघतोय. दर थोड्या वेळानं तुम्ही वर बघता आणि बाजू बदलता. का?"

"वारा बघते."

"ते कळलं. पण बाजू?"

मला ते कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. "वारा ज्या बाजूनं शेडवरून येतो त्या बाजूला मी चालते," मी म्हटलं. "काही गळलंच तर आधी मला कळावं. मला वास ओळखता येतो, तुम्हाला येणार नाही. तेवढ्यात तुम्हाला ढकलता येईल."

"हा नियम आहे?"

"नाही. सवय आहे."

त्याच्या वहीत तोवर सगळ्याची नोंद व्हायची. याची त्यानं केली नाही. वही मिटून नुसता चालत राहिला. शेडचा कोपरा वळताना म्हणाला, "आठ वर्षं मी लोक कुठं कमी पडतात तेवढंच बघत आलो. असं काही... दिसलंच नव्हतं."

मी वर बघितलं. वारा पडला होता, नळी खांबाला लोंबत होती, तरी मी उगाचच बाजू बदलली. आवडला मला तो. अगदी सरळ, पोटातून, नऊ वर्षांत कुणी आवडलं नव्हतं तसा.

त्यानंतर कामाचं बोलणं कमी झालं असं नाही, पण कामाच्या बोलण्यातच भलतंसलतं मिसळायला लागलं. एका दुपारी त्यानं विचारलं, या दाराला दोन कुलपं का? मी म्हटलं, एक बाहेरच्यांसाठी आणि एक आमच्यातल्या आगाऊ लोकांसाठी. तो म्हणाला, मी कुठल्यात मोडतो? मी म्हटलं, तुमच्यासाठी तिसरं मागवलंय. तो इतका हसला की लांबून दोन कामगारांनी माना वळवल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी गेटमधून शिरताना कुणीतरी ‘क्लोरीनबाई, कुलूप आलं का?’ असं विचारलंच.

आणि मग मामांची भानगड समोर आली.

मामा म्हणजे आमचे गेटवरचे पहारेकरी. खरेखुरे कुणाचे मामा आहेत ते ठाऊक नाही, पण सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. बत्तीस वर्षं नोकरी, निवृत्तीला पाच महिने. मागच्या दाराच्या कॅमेऱ्याचा पडदा आणि ते दार उघडायचं बटण त्यांच्याच खोलीत असतात. त्या सकाळी एक टँकर चिखलात अडला म्हणून मामा त्याला मागे घ्यायला पावसात बाहेर गेले होते. पडद्यासमोर कुणी नव्हतं. कुणीच काही कबूल करत नाही म्हटल्यावर मोठ्या साहेबांनी हिशेब सोपा केला. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आहे, तेव्हा चूक पहाऱ्याची. बाहेरच्या माणसाला मामांनीच सोडलं असणार. शुक्रवारी अहवालाची बैठक, आणि त्याच बैठकीत मामांना कामावरून काढायचं.

मला हे मामांनीच सांगितलं. गेटजवळच्या बाकावर बसून बुटांचा चिखल काढत होते. रडले-बिडले नाहीत. म्हणाले, "पोरी, मी पडदा सोडून गेलो हे खरं. पण बत्तीस वर्षांत परक्याला आत घेतलं नाही. ते तेवढं नावावर नको होतं."

मी तडक चोरसाहेबांकडे गेले. पाहुण्यांच्या खोलीत तो अहवाल लिहीत बसला होता. दार लावून घेतलं.

"दार उघडणारे मामा नव्हते हे तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग सांगा त्यांना."

"मी नावं देत नाही." त्यानं पेन खाली ठेवलं. "का ते ऐका. मी नाव दिलं की लोक एक माणूस काढतात, हात झटकतात, आणि दार तसंच राहतं. म्हणून नियम केला."

"कुणाचं नाव देऊ नका. मामा नव्हते, एवढंच सांगा."

त्यानं अहवालाची कागदं उगाच सारखी केली.

"मला वाटलं होतं," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच लहान वाटला, "पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात."

"पहिल्या दिवशी मी तुम्हाला ओळखतही नव्हतो," तो म्हणाला. खरंच होतं ते. "ज्यानं कुणी दार उघडलं असतं त्याच्यासाठी मी तसाच गप्प बसलो असतो."

"आणि आज?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी निघून आले. दोन आठवडे मनात जे काही बांधत आले होते ते एका नियमावर उभं होतं, हे कळल्यावर माणसाला जसं वाटेल तसं वाटत होतं. चक्क मूर्खासारखं.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. दारापासून मामांपर्यंत. ती काज करत होती, सुई थांबली नाही.

"सांगितलंस तर काय होईल?" तिनं विचारलं.

"शेड जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"मामा जातील."

तिनं आणखी एक टाका घातला. मग म्हणाली, "त्या शेडसाठी किती झिजलीस ते मी बघितलंय. जा म्हणून मी सांगणार नाही. पण तू मला विचारायला आली नाहीस, बाळा. तुझं ठरलंय. तू रडायला आलीस." आणि सुई खोचून ठेवून तिनं मला जवळ घेतलं. तिचं म्हणणं बरोबर होतं, मी रडले.

शुक्रवारी बैठकीची खोली भरलेली. त्यानं अहवाल वाचून दाखवला. वेल, पासवर्ड, टँकरची कागदं, शिडी, सगळं होतं. मागच्या दाराचं आलं तेव्हा ‘एका व्यक्तीनं सौजन्यानं आत घेतलं’ एवढंच. मामा भिंतीशी उभे होते, टोपी हातात. मोठे साहेब त्यांच्याकडे वळले आणि मी उठले.

"दार मी उघडलं," मी म्हटलं. "मामांचा संबंध नाही. पाटी माझी, कार्ड माझं, चूकही माझीच. पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं, बोलले नाही. ती दुसरी चूक."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला शेड द्यावं म्हणून मुख्यालयाशी भांडलेला हाच माणूस. ते खरं नसावं अशीच त्यांची इच्छा होती.

"मामांना वाचवायला म्हणताय तुम्ही," ते म्हणाले. "सगळ्यांना त्यांच्याबद्दल माया आहे, मलाही आहे. पण पुरावा काय? कार्डं एकतीस आहेत. बसा खाली."

"पुरावा समोर बसलाय. त्यांना विचारा."

"ते नावं देत नाहीत."

मी त्याच्याकडे वळले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "सांगा," मी म्हटलं. "माझं मीच दिलंय नाव. तुम्ही फक्त खरं आहे म्हणा."

तो उठला. उभं राहायची काही गरज नव्हती. समोरची कागदं त्यानं उलटी ठेवली.

"आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी," तो म्हणाला. "दार यांनीच उघडलं. डाव्या हातात निळी छत्री होती, तिची एक काडी मोडलेली. कार्ड उजव्या हातात. दार पायानं अडवलं. बुटाची नाडी सुटली होती. ‘आधी आत या, फुटेल तो’ असं म्हणाल्या. माझ्या आधी बारा माणसं आत गेली, कुणी मागे बघितलं नव्हतं. यांनी बघितलं. आत गेल्यावर वळणापर्यंत अठरा पावलं आहेत, तिथं परत एकदा मागे बघितलं. केस ओले होते आणि... कपाळावर..."

तो थांबला. तेवढं बोलून झाल्यावर त्याला उमगलं असावं की आपण काय बोललो. तो कानापर्यंत लाल झाला. मी टेबलाकडे बघत होते आणि टेबल मला दिसत नव्हतं.

मनुष्यबळ विभागाच्या बाई बैठकीची नोंद घेत होत्या. त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "हे सगळं नोंदवायचं का?"

"पहिली दोन वाक्यं," तो म्हणाला. "बाकीचं... राहू द्या."

मामा भिंतीकडे तोंड करून खोकत होते. तो खोकला नव्हता.

मामा राहिले. पडदा सोडल्याबद्दल त्यांना कानपिचकी मिळाली, ती त्यांनी मान खाली घालून घेतली. माझं शेड गेलं. वर्षभरासाठी, मोठे साहेब म्हणाले, मग बघू. ते बोलताना त्यांना माझ्याकडे बघवेना. किल्ल्यांचा जुडगा मी माझ्या सहायकाच्या हातात दिला. त्याला तो घ्यायचा नव्हता, मला द्यायचा नव्हता, आणि आम्ही दोघं शहाण्यासारखे सह्या करत होतो. मग मी स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडले, तोंड धुतलं आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. दुपारच्या त्या वेळी तिथं पाच-सात माणसं असतात. सगळी एकदम जेवणात गढून गेली.

तो आला. समोरची खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"बसू का?"

"बसा. आता इथं माझं राज्य नाही, परवानगी कसली मागता?"

तो बसला. हात टेबलावर ठेवले, मग काढून घेतले. म्हणाला, कालपासून त्यानं जुने अहवाल उघडून सात कारखान्यांना फोन केले होते. त्याच्या अहवालानंतर तिथं काय झालं ते आठ वर्षांत त्यानं कधी विचारलंच नव्हतं. एका ठिकाणी असाच गेटवरचा एक म्हातारा काढून टाकला होता, त्यानं काहीच केलं नसताना. त्याच्या घरचा पत्ता मिळाला होता. सोमवारी तो तिकडे जाणार होता, त्या कारखान्याच्या साहेबांसमोर बसून एवढंच सांगायला, की आपल्याला आत घेणारा तो म्हातारा नव्हता.

"कुणाचं नाव न घेता?" मी विचारलं.

"न घेता. तेवढं पुरतं."

माझ्या डोक्यात काहीतरी सणकून गेलं. "मग हेच मी मागितलं होतं तुमच्याकडे. मामा नव्हते, एवढंच सांगा म्हटलं होतं. का नाही सांगितलंत? त्यात कुठला नियम मोडत होता?"

"कुठलाच नाही," तो म्हणाला.

"मग?" मी विचारलं.

"मामा नव्हते असं म्हटलं असतं तर पहाऱ्यावरचा ठपका गेला असता आणि एकतीस कार्डं उरली असती," तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "एकेकाला बोलावलं असतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, अर्ध्या तासात तुमच्यापर्यंत पोचले असते. हे सगळं मला त्या खोलीत, तुम्ही समोर उभ्या असताना दिसलं. आणि मी नियमाच्या मागे लपलो. पहिल्या दिवशी तो नियम होता. परवा नव्हता. परवा... तुम्ही होतात. एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी जात होती आणि मी तुम्हाला वाचवत बसलो होतो. असं मी कधी केलं नव्हतं. लाज वाटते. आणि परत तीच वेळ आली तर हातून परत तेच होईल की काय, याची भीतीही वाटते. इतक्या तुम्ही मला आवडता."

कॅन्टीनमध्ये कुणाचा तरी चमचा ताटात पडला.

मला एकाच वेळी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकावंसं वाटलं. त्यानं मला वाचवलं असतं तर मामा गेल्यावर मी रोज त्या गेटमधून कोणत्या तोंडानं गेले असते? हे मी त्याला बोलून दाखवलं, चांगलं खडसावून. तो ऐकत राहिला.

"माझ्यासाठी असं पुन्हा काही करायचं नाही," मी म्हटलं. "कधीच नाही. मला वाचवायचं असेल तर मला विचारायचं."

"विचारीन."

"आणि मलाही तुम्ही आवडता. ते वेगळं. त्यानं हे माफ होत नाही."

"नाही होत," तो म्हणाला. "पण दोन्ही ऐकायला बरं वाटलं."

मला हसू आलं. त्या दिवशी हसू येईल असं वाटलं नव्हतं. शेड गेल्याचं दुःख तिथंच होतं, जागचं हललं नव्हतं, आणि त्याच्याच शेजारी हे दुसरं येऊन बसलं होतं.

"सोमवारचं काम झालं की परत येऊ?" त्यानं विचारलं. "कामाशिवाय. तुमच्या घरी."

"या. पण आई सगळं विचारेल. तिला सगळं ठाऊक आहे, आणि आजचं आज संध्याकाळी कळेल. तिच्यापुढं लपवाछपवी चालत नाही."

"परवाचंही सांगायचं? मी का गप्प बसलो ते?"

"ते तर सगळ्यात आधी."

त्यानं चष्मा नाकावर वर सरकवला. "मोठ्या साहेबांपेक्षा अवघड दिसतंय."

"आहेच," मी म्हटलं. "मी बसेन शेजारी."

तेव्हा कुठं त्यानं टेबलावरून हात पुढं केला, पाच-सात माणसांच्या देखत, भर दुपारी. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे आम्हालाच बघत होते. मी हात त्याच्या हातात दिला आणि काढून घेतला नाही.